कंकण पेठेत पाहुण्याचे ओझे का उचलतात

धारणपूरच्या जुन्या शहरात राहायला जागा शोधणाऱ्याने वेशीतून आत शिरावे आणि डावीकडे वळावे. तिथे कंकण पेठ लागते. एकवीस घरे, एकच गल्ली. गल्ली कंकणासारखी गोल आहे. वेशीपाशी सुरू होते, मधल्या बारवेला वळसा घालते आणि पुन्हा वेशीपाशीच येऊन थांबते. सगळी घरे काळ्या दगडाच्या जोत्याची, सगळी दारे एकसारखी. हल्ली बहुतेकांनी माडीवर पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. स्टेशनजवळची लॉज स्वस्त पडतात, तिथे गरम पाणीही मिळते. तरी जुने शहर पाहायला आलेले लोक पेठेतच उतरतात.

इथे पहिल्याच दारात त्यांना एक गोष्ट खटकते. खोली नसेल तर घरमालक तसे सांगून दार लावत नाही. तो पायरी उतरतो, पाहुण्याची बॅग उचलतो, डोक्यावर घेतो आणि चालू लागतो. बॅगेला चाके असली तरी डोक्यावरच. दुसऱ्या घरी जागा नसली तर तिसऱ्या, तिसऱ्या घरी नसली तर चौथ्या. पाहुण्याची सोय लागेपर्यंत तो घरी परतत नाही, मग वय सत्तर का असेना. पुष्कळ पाहुणे त्याला हमाल समजून नोट पुढे करतात. तसे करू नये. शिवी ऐकावी लागते.

बाहेरचे लोक याला पाहुणचार म्हणतात. हा पाहुणचार नाही. हा दंड आहे. कसला, ते ऐकून घ्यावे आणि मग खोली बघावी.

पेठेत बारव नव्हती तेव्हाची गोष्ट, असे सांगतात. पाणी नदीचे. नदी वेशीबाहेर अर्ध्या कोसावर, आणि फाल्गुन सरला की तीही आटायची. बायका वाळूत झरे उकरून वाटीवाटीने घागर भरत. तेव्हा पेठेचा महाजन होता विसाजी तांबट. वेशीतून आत आल्यावर डाव्या हाताचे पहिले घर त्याचे. हाताने कुशल, शब्दाचा पक्का, आणि मानी. त्याचे पागोटे कुणापुढे उतरले नव्हते. त्याने पेठ गोळा केली, बारव खोदायची ठरवली, आणि चार कोसांवरून रावजी पाथरवटाला बोलावले.

रावजीने तीन वर्षे दगड फोडला. दिवस उगवला की वेशीतून आत यायचा, मावळला की निजायला वेशीबाहेर जायचा. पाथरवट गावकुसाबाहेरचा. तीन वर्षांत तो एकदाही पेठेत मुक्कामाला राहिला नाही. रहा असे कुणी म्हटले नाही आणि त्यानेही विचारले नाही. तिसऱ्या वर्षी खालच्या पायरीचा चिरा बसवताना दगड सुटला आणि रावजी त्याखाली गेला. त्यानंतर आठ दिवसांनी त्याच जागी पाणी लागले. पाणी गोड होते, म्हणे.

पेठेचा रिवाज असा की नव्या पाण्याची पूजा कारागिराच्या हत्यारांनी व्हायची. हत्यारांना हळद लावायची, पाणी शिंपायचे, मग पहिली घागर. पूजा झाल्याशिवाय पाण्याला कुणी तोंड लावायचे नाही. रावजीची हत्यारे त्याच्या घरी गेली होती. तेव्हा त्याच्या बायकोला, कोंडाईला, निरोप गेला: चैत्री पौर्णिमेला पूजा आहे, हत्यारे घेऊन आदल्या दिवशी या. पेठेची पाहुणी म्हणून या.

निरोप ठरवताना एका म्हाताऱ्याने विचारले होते, "उतरणार कुणाकडं ती?"

विसाजी हसला होता. "आबा, पेठ काय एवढीशी आहे? एकवीस घरं आहेत. एका बाईला जागा मिळणार नाही?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणाचे घर, ते ठरले नाही. सगळ्या पेठेची पाहुणी म्हणजे कुणाचीच नाही, हे त्या बैठकीत कुणाच्या ध्यानात आले नाही. आले असले तरी बोलले कुणी नाही.

ठरल्या दिवशी दुपारी कोंडाई आली. चार कोस चालत. डोक्यावर एक गाठोडे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे माणूस दिसायचा पण चेहरा दिसायचा नाही. वेशीतून आत येऊन ती पहिल्या दाराशी थांबली. आत चार हातोडे तांब्यावर पडत होते.

"कोण हाय घरात? मी रावजी पाथरवटाची कोंडाई. निरोप आला व्हता."

विसाजी ओसरीवर आला. पाहिले आणि त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती माडीची. माडी रिकामी होती. दुसरी आली ती लोकांची. महाजनाच्या माडीवर पाथरवटीण राहिली, तर उद्या काय बोलतील? हातोड्यांच्या आवाजावर आवाज चढवून तो म्हणाला, "या बाई, या! बरं झालं आलात. पण आज भट्टी पेटलीय बघा. धुरानं जीव कासावीस होईल तुमचा. पुढचं घर बघा, ऐसपैस आहे!"

आणि बोट दाखवले. भट्टी पेटलेली होती, ते खोटे नव्हते. कोंडाई म्हणाली, "बरं दादा," आणि पुढे गेली. गल्लीच्या वळणाआड ती दिसेनाशी झाली, तसे विसाजीला बरे वाटले. कुणीतरी ठेवून घेईल. पेठ आपलीच आहे. तो पुन्हा कामाला बसला.

पुढच्या घरी बाळंतीण होती, म्हणे. त्याच्या पुढच्या घरी पाहुणे यायचे होते. चौथ्या घरी देवाचे सोवळे चालू होते. सातव्या घराचे छप्पर गळत होते. चैत्रात. सगळे गोड बोलले. एकाने गूळ दिला. एकाने बसायला सांगितले, पण पायरीवर. 'नाही' हा शब्द एकवीस घरांत कुणी उच्चारला नाही. प्रत्येकाने पुढचे घर दाखवले.

दिवे लागायच्या वेळेला हातोडे थांबले होते. विसाजी पायरीवर हात धूत होता. उजव्या बाजूने, वेशीचे तोंड ओलांडून, कोंडाई आली. पाय ओढत चालत होती. त्याच्यासमोर थांबली.

"दादा, म्हाजनांचं घर हेच का?"

विसाजीने ओले हात धोतराला पुसले.

"त्या शेवटच्या घरच्यांनी सांगितलं, पुढं म्हाजन ऱ्हातात, त्यांच्याकडं जा. ते कुणाला माघारी धाडत न्हाईत."

तिने दार ओळखले नव्हते. आवाजही ओळखला नव्हता. विसाजी हलक्या आवाजात म्हणाला, "हेच घर," आणि पुढे होऊन त्याने तिचे गाठोडे उतरवून घेतले. एवढेसे गाठोडे. पण घेताना त्याचा खांदा खाली गेला. रोज तांब्याचे पत्रे उचलणारा माणूस, दोन्ही हात लावावे लागले.

"काय आहे यात?"

"हत्यारं. घण हाय, सुतक्या हायेत, छिन्न्या हायेत. तुमीच मागवली न्हवं?"

चार कोस, आणि वर एकवीस दारे. ते ओझे तिच्या डोक्यावरून कुठेही उतरले नव्हते, कारण उतरवा असे कुणी म्हटले नव्हते. विसाजीने ते माडीवर नेले. माडीवरच तिचे अंथरूण घातले. त्याच्या बायकोने, भागीरथीने, तिला पोटभर वाढले.

जेवून कोंडाई म्हणाली, "म्हाजन, एवढ्या घरांत एक माणूस निघाला. उद्या घण मी तुमच्या हातात देणार. दुसऱ्या कुणाच्या न्हाई. ज्यानं दार उघडलं, त्याच्याच हातात."

विसाजी जेवला नाही. ताट तसेच राहिले. भागीरथीला सगळे कळले होते. ती म्हणाली, "अहो, आता तोंड उघडू नका. बाई चिडून गेली, तर हत्यारं जातील. हत्यारं गेली, तर पूजा नाही, पूजा नाही तर पाणी नाही. पेठेतल्या बायका तुम्हाला जन्मभर शिव्या देतील. पहिली मी देईन. उद्याचा दिवस जाऊ द्या. मग कबुली देत बसा हवी तेवढी."

बोलणे खरे होते. विसाजीने होकारार्थी मान हलवली.

सकाळी सगळी पेठ बारवेवर जमली. कोंडाई पायऱ्या उतरत होती, एका हाताने भिंत चाचपत. मध्येच थांबून म्हणाली, "हा चिरा त्यानं घडवलाय. हा माज्या पोरांनी. ह्यो पुन्हा त्याचा." पेठेने तीन वर्षे काम पाहिले होते, पण कोणता दगड कुणाच्या हातचा, हे कुणाला माहीत नव्हते. तळाशी पाटावर हत्यारे मांडली. पुढे पाणी. जोशीबुवांनी हळदीचे ताट उचलले. कोंडाईने घण दोन्ही हातांत धरला आणि वळली.

"कुठं हायेत म्हाजन? ज्यानं दार उघडलं, त्याच्या हातात देते."

सगळे विसाजीकडे बघत होते. कौतुकाने बघत होते. त्याला हात पुढे करायचा होता, आणि हात उठेना, म्हणे.

"कोंडाई," तो म्हणाला, "पहिलं दार माझंच होतं."

"कुठलं पयलं?"

"वेशीतून आत आल्यावरचं. भट्टीचं निमित्त सांगितलं, तो मी. माडी रिकामी होती. मी तुम्हाला बोट दाखवलं."

गर्दीतून शेजारचा कासार ओरडला, "विसाजी, गप की लेका! मुहूर्त टळतोय!"

कोंडाई आवाजाकडे वळली. "तुमचं दुसरं घर न्हवं का? बाळंतीण बरी हाय? पोराचा आवाज कसा येईना कुठनं?"

कासार गर्दीत मागे सरकला.

"आन् छप्पर कुणाचं गळतंय? राती पाऊस झाला का?"

ज्याच्या घरी पाहुणे यायचे होते, तो पायरीकडे बघत राहिला. ज्याने गूळ दिला होता, त्याला तो गूळ आठवून मेल्याहून मेल्यासारखे झाले.

कोंडाईने घण पाटावर नाही ठेवला. गाठोड्याच्या फडक्यावर ठेवला. एकेक हत्यार चाचपून त्यावर ठेवले आणि गाठ मारली.

"पानी त्यानं दिलं," ती म्हणाली. "दिलेलं मी मागं घेत न्हाई. प्या. पण हत्यारं हितं ऱ्हायची न्हाईत. हितं त्यास्नी जागा न्हाई."

ती पायऱ्या चढून गेली. गाठोडे तिने स्वतःच डोक्यावर घेतले. कुणी तिला अडवले नाही. अडवायला तोंड नव्हते.

विसाजी मागोमाग धावला. वेशीत त्याने तिला गाठले. "ओझं द्या माझ्याकडं."

"नगं."

"कोंडाई, पाया पडतो. द्या."

ती किती वेळ उभी होती, याबद्दल दोन मते आहेत. शेवटी म्हणाली, "कुठवर न्याल?"

"तुम्ही उतराल तिथवर."

तिने गाठोडे खाली ठेवले. विसाजीने डोक्यावरचे पागोटे सोडले. त्याची चुंबळ केली. त्या चुंबळीवर रावजीची हत्यारे घेतली आणि ती पुढे, तो मागे, असा चालू लागला. वेशीवर पेठेची माणसे उभी होती. महाजनाचे उघडे डोके त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. कुणी हसले नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "आता उचललं, मेल्या? काल हात मोडले होते का?" तिचे घर अकरावे. ती स्वतःलाही बोलली असावी.

चार कोस. वाटेत विसाजीने ओझे खाली ठेवले नाही, असे सांगतात. कोंडाईचे घर म्हणजे दगडाच्या कपच्या रचून केलेली झोपडी. तिने त्याला दारात थांबवले नाही. आत बोलावले, घोंगडी टाकली, पाणी दिले. म्हणाली, "उन्हाचं कुठं निघता? उतरू दे ऊन." भाकरी दिली. त्याने खाल्ली. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. तिला ते दिसले नसणार.

माफ केले असे ती म्हणाली नाही.

निघताना त्याने विचारले, "पुढल्या चैत्री पौर्णिमेला याल? माझ्या घरी उतरा. नाव घेऊन सांगतो, माझ्या घरी."

ती 'नाही' म्हणाली नाही. "पुढल्या सालाचं पुढल्या साली बघू," म्हणाली.

विसाजी परतला आणि त्याने पेठेला सांगितले: ज्याच्या दारात ओझे येईल, त्याने ते आपल्या डोक्यावर घ्यावे. घरात जागा नसेल तर जागा मिळेपर्यंत उतरवू नये. बोट दाखवू नये. कुणी हुज्जत घातली नाही. चांगुलपणा आला म्हणून नव्हे. एकमेकांच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती म्हणून.

दर चैत्रात विसाजी चार कोस जाऊन तिला बोलावत राहिला. दर वर्षी तिने पाणी दिले, भाकरी दिली, आणि तेच उत्तर दिले. बारा वर्षांनी ती गेली. तिच्या पोरांनी हत्यारे कुठे नेली, ते कळले नाही.

आजही कंकण पेठेत ओझे उचलतात, ते हे असे. बारवेचे पाणी आजही गोड आहे आणि पेठ ते पिते. नवरात्रात साऱ्या शहरातल्या विहिरींना हळदकुंकू लागते. या बारवेला लागत नाही. पण चैत्री पौर्णिमेला सकाळी एकवीस घरांतली माणसे तळाच्या पायरीवर जमतात. एक रिकामा पाट मांडतात. शेजारी हळदीचे ताट. पूजा कोणी करत नाही. दुपार होईपर्यंत उभे राहतात आणि मग पाट उचलून घरी जातात. उतरलेले पाहुणे विचारतात, वाट कुणाची बघता? तेव्हा कुणीतरी खाली बघून सांगतो, "हत्यारं यायची आहेत."

ते ऐकून हसू नये.