बिनधुराची भट्टी

झाडं बोलायची थांबली होती, पण फळ्या अजून बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. एका वखारीत मायक्रोवेव्हची भट्टी आली. ना धूर, ना जाळ! एका देवदारी फळीला पाहताक्षणीच तिचा संशय आला.

भट्टीतून बाहेर आलेली शेजारीण म्हणाली, "अगं, अंगातल्या पाण्याची वाफ झाली आणि आतली बंद दारं उघडली. आता वाळवीचं औषध पार गाभ्यापर्यंत मुरेल."

"आज औषध शिरेल, उद्या कोण?" फळी फणकारली. "दारं सताड उघडी टाकून कुणी झोपतं का?"

"लाख मोलाचं बोललीस, बाई!" जमिनीच्या भेगेतून गोड आवाज आला. "त्या भट्टीचा काही भरवसा नाही."

चला, एक तरी शहाणं भेटलं, असं म्हणत फळी थप्पीच्या तळाशी, त्या आवाजाजवळ सरकली. भट्टी चुकली. पुढे सगळ्यांबरोबर तिलाही औषधात बुडवलं, पण ते अंगावरून नुसतंच ओघळून गेलं.

वर्षाने मिस्त्रीने दोघींना ठोकून पाहिलं. शेजारीण खणखणीत वाजली. फळी पापडासारखी मोडली.

मोडता मोडता तिला तोच गोड आवाज ऐकू आला, या खेपेला स्वतःच्याच पोटातून: "बरं झालं हो बाई, त्या भट्टीत गेली नाहीस!"