सरदारांची पहिली गोळी

डोंगराखालच्या एका गढीचा कारभार सगुणाबाई देशमुखीण पाहत. एकदा घरी ओतलेली जाड गोळी नळीत अडकली, बंदूक फुटली आणि त्यांच्या एका शिपायाचा डोळा गेला. तेव्हापासून बाईंचा कशावर चटकन विश्वास बसत नसे.

अशात सरदार हैबतराव आपलं जुनं यंत्र विकायला आले. शिशाची गोळी त्याच्या भोकातून दाबून काढली की ती मापात येई आणि नळीतून सहज सरकावी म्हणून तिच्यावर मेणचरबीचा हातही फिरे.

"अगदी नव्यासारखं आहे," सरदार म्हणाले.

बाईंनी भोकात बोट फिरवलं. कडा झिजलेल्या लागल्या; भोक मोठं झालं होतं, म्हणजे गोळी जाडच निघणार.

"माझ्या शब्दावर संशय?" हैबतराव कडाडले.

"शब्दावर नाही, भोकावर आहे." बाईंनी यंत्रातून एक गोळी काढून त्यांच्यापुढे धरली. "तुमच्या बंदुकीतून एवढी उडवून दाखवा. यंत्र लगेच घेते."

हैबतरावांनी गोळी निरखली आणि बंदुकीसकट आपल्या हुजऱ्याच्या हातात दिली. "हा उडवेल."

हुजऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी त्याच्याकडून बंदूक काढून घेतली.

"राहू द्या, सरदार. जी गोळी तुमच्या खांद्याला नको, ती माझ्या माणसांच्या खांद्याला कशी चालेल?"

हैबतराव यंत्र गाडीत चढवून पाणीही न पिता निघून गेले.