बाकावरचं ग्रीस

"मग चूक कुणाची, वस्ताद? तुम्हीच सांगा."

दस्तगीर वस्ताद हातातला पाना पुसत राहिले. दूध संघातली सगळी मशीनं त्यांच्या हाताखालून गेलेली.

तरुण इंजिनिअर अभिनंदन मगदूम कावला होता. मशीनचे आकडे मशीनपाशीच अडकून पडत, म्हणून त्याने मध्ये एक पेटी बसवली होती. पेटी आकडे उचलायची, त्यांचे छोटे छोटे निरोप करायची आणि कामगारांच्या मोबाईलवर धाडायची. चारशे आकडे, दर पाच सेकंदांनी.

तरी परवा दूध थंड ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग जळालं. टाकीभर दूध नासलं.

आता अर्ध्या तासात संचालकांची बैठक होती. पेटी काढून टाकायची, असं अध्यक्ष म्हणत होते. वस्तादांनी एक शब्द टाकला तर ती राहणार होती.

"बेअरिंग तापतंय, असं पेटीनं तीनदा कळवलं होतं. तीनदा! कुणी बघितलंच नाही. यात पेटीचा काय दोष?"

वस्ताद सावकाश बोलले. "पंखा चालू. दार उघडं. नळ बंद. बाकाला ग्रीस. चहा गरम. पाना हातात."

"...काय?"

"पंखा चालू. दार उघडं. नळ बंद. बाकाला ग्रीस. चहा गरम. पाना हातात."

अभिनंदनने कपाळावर हात मारला. बैठकीला बोलावलंय, नोकरीवर बेतलंय, असं तो पोटतिडकीने सांगू लागला. वस्ताद ऐकत होते. तो श्वास घ्यायला थांबला, तेव्हा त्यांनी त्याच सुरात पुन्हा सुरू केलं. पंखा, दार, नळ, बाक, चहा, पाना.

"पुरे हो, वस्ताद. डोकं उठलं माझं."

तो मटकन बाकावर बसला.

...

बसल्याबसल्या काहीतरी गिळगिळीत लागलं. तो ताडकन उठला. जळकं बेअरिंग काढून परवा याच बाकावर ठेवलं होतं. बैठकीसाठी घातलेली नवी बदामी पँट मागून काळी झाली होती.

"अहो, बसायच्या आधी सांगायचं तरी..."

वस्तादांनी खुंटीवरची स्वच्छ चिंधी काढली, झटकली आणि हळूच त्याच्या हातात दिली.

"कळवलं होतं, साहेब. तीनदा."