न चाखलेली आमटी

"मग यात कमी काय आहे, ते तरी सांगा."

उपेंद्रने पाचवा डबा उघडला आणि आक्कांपुढे सरकवला.

आक्कांनी बोटाने थोडं उचललं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. आधीचे चार डबेही त्यांनी असेच चाखले होते. काजूचं चीज, नारळाचं दही, कच्च्या फणसाचे कबाब, सुरणाची कोफ्ता करी. आणि आता ही बदामाच्या दुधाची बासुंदी.

"कमी काही न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग अण्णा जेवत का नाहीत?"

आक्कांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

घाटमाथ्यावरचा हा मठ लहानसा. चारशे पायऱ्या चढून यायचं, जेवायचं आणि उतरायचं, एवढाच तिथला परिपाठ. आक्का चाळीस वर्षं तिथलं स्वयंपाकघर सांभाळत होत्या. कुणाला काही शिकवत नसत, तरी लोक त्यांच्याकडे शिकायला येत. मठात तीन गाई होत्या, पण दुधाचा थेंब कधी चुलीपर्यंत आला नव्हता. दूध वासराचं, हा मठाचा जुना नेम. त्यावर कुणी प्रवचनही करत नसे.

उपेंद्र म्हणूनच इथवर आला होता.

सहा वर्षांपूर्वी एका गोठ्यात त्याने एक वासरू पाहिलं होतं. आईपासून हातभर अंतरावर बांधलेलं, तोंडाला मुसकं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घरातून दूध, दही, तूप, सगळं गेलं. माणूस जात्याच हट्टी. नुसतं सोडून थांबला नाही, त्यावाचूनचा असा स्वयंपाक शिकला की जेवणारे बोटं चाटत. दिवसभर घरांचे नकाशे काढायचा आणि संध्याकाळी ओट्याशी उभा राहायचा. रविवारी त्याच्या टेबलावर पाहुणे असत, आणि चीज काजूचं आहे हे सांगितल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, ते बघायला त्याला फार आवडायचं.

आपण काय करतो हे त्याला चांगलं माहीत होतं. ते त्याच्या आवाजातही यायचं.

फक्त अण्णा, त्याचे वडील, जेवत नव्हते.

आई गेल्या आश्विनात गेली, आणि अण्णा उपेंद्रकडे राहायला आले. तेव्हापासून अकरा महिने अण्णांचं एकच. ताट समोर आलं की तीन घास खायचे, "छान आहे" म्हणायचं आणि हात धुवायचा. वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मनगटावरचं घड्याळ आता कोपराकडे घसरायचं.

"ते माझ्या डोळ्यांसमोर संपत चाललेत, आक्का," उपेंद्र म्हणाला. मग तो उगीचच डब्यांची झाकणं लावत बसला.

बाहेर दगडी कट्ट्यावर अण्णा बसले होते. ठिकठिकाणी टेकत पायऱ्या चढून आले होते. समोरची दरी धुक्याने भरली होती आणि ते त्या धुक्याकडे बघत होते.

"काय खाणार, असं इचारलंस त्यांना?" आक्कांनी विचारलं.

"रोज विचारतो. म्हणतात, काहीही कर. तुझं सगळं छानच असतं."

"हं..."

"तुमच्या आमटीची कृती द्या मला. आजारी माणसंसुद्धा इथे दोन वाट्या पितात म्हणे."

"कृती न्हाई."

"मग मसाला?"

"फळीवर हाय. धनं, तीळ, खोबरं. समद्यांच्या घरात असतंय."

"मग इथलं वेगळं काय आहे?"

आक्कांनी विचार केल्यासारखं केलं.

"हितं रांधताना चाखत न्हाईत."

"म्हणजे?"

"देवाच्या आदी कुनी चाखायचं न्हाई. करनाऱ्यानं तर न्हाईच न्हाई."

"मग चव कळणार कशी?"

"जेवनाऱ्याला कळती की."

उपेंद्र हसला. मोठी माणसं भाबडं काही बोलली की आपण हसतो, तसं. "आक्का, मी एका आमटीत वीस वेळा चमचा घालतो. न चाखता रांधायचं म्हणजे डोळे बांधून नकाशा काढायचा."

"असंल."

"चूक राहिली तर?"

"ऱ्हाऊ दे."

त्या उठल्या. पाण्यातला घेवडा निथळून त्याच्यापुढे ठेवला. लाल घेवडा, अंगावर पट्टे असलेला.

"आज तू कर."

"मी?"

"तुज्या हातचं जेवंत न्हाईत म्हनलास नव्हं? मग तुज्याच हातानं होऊ दे."

उपेंद्रने बाह्या सारल्या. खिशातून स्वतःचा चमचा काढला. लांब दांड्याचा, चाखायचा खास चमचा. तो त्याच्याशिवाय कुठे जात नसे.

आक्कांनी नुसता तळहात पुढे केला.

...

चमचा त्याने दिला. पण मनातून दिला नाही.

घेवडा शिजू लागला तसं दरीतलं धुकं वर आलं. आधी उंबऱ्यापर्यंत आलं, मग आत. चुलीचा धूर वरून उतरत होता, धुकं खालून चढत होतं, आणि कुठलं कुठे संपतं ते कळेना. फळी दिसेनाशी झाली. भिंत गेली. उपेंद्रला स्वतःचे हात मनगटापर्यंतच दिसत होते. त्यापुढे ते आपापलं काम करत होते.

त्याने मसाला वाटला. वास आला, पण तो पाट्यावरून आला की आणखी कुठून, हे त्याला सांगता आलं नसतं.

बांगड्या वाजल्या.

आक्कांच्या हातात बांगड्या नव्हत्या... उपेंद्र ऐकत राहिला. तो दहा वर्षांचा होता आणि ओट्याखाली बसला होता. वर कुणीतरी फोडणी घालत होतं. पलीकडच्या खोलीत अण्णा पेपर मोठ्याने वाचत होते आणि वर उभी असलेली व्यक्ती मधूनच हुंकार देत होती. त्याला वर बघायचं होतं. बघितलं तर ती जाईल अशी भीती वाटली, म्हणून त्याने बघितलं नाही.

"कुटं गेलास?" धुक्यातून आक्कांचा आवाज आला.

"इथेच आहे."

"काय बगत हुतास?"

उपेंद्रला एरवी असलं बोलायची सवय नव्हती. धुक्यात समोरचं तोंड दिसत नाही, म्हणून असेल, तो बोलला.

"अण्णा आईच्या स्वयंपाकाला रोज नाव ठेवायचे. रोज, न चुकता. मला फार राग यायचा. मी तेव्हाच ठरवलं होतं, मोठा झालो की असं रांधीन की अण्णांना बोलायला जागाच राहणार नाही."

"मग?"

"अकरा महिने झाले. त्यांना एकही खोट काढता आलेली नाही."

"म्हंजे तू जिकलास."

"हो."

घेवडा रटरटत होता. जिंकलास हा शब्द त्याला आवडला नाही, पण का, ते कळेना. तो मुकाट्याने नाचणीचं पीठ मळायला बसला.

नैवेद्याचं पान आक्का देवापुढे घेऊन गेल्या आणि थोड्या वेळाने परत आल्या. देवाने काही तक्रार केली नव्हती. तो बिचारा कधीच करत नाही.

अण्णांना आत बोलावलं. तीन पानं मांडली.

उपेंद्रने स्वतः वाढलं. भाताची मूद वाटीने नेटकी पाडली, बाजूला आमटी, वर कोथिंबिरीचं एकच पान, तेही तिरकं. पानाच्या वरच्या टोकाला, जिथे आधी मीठ वाढतात, तिथे काही नव्हतं. उपेंद्रच्या घरी ताटात मीठ वाढत नसत. ज्या जेवणाला वरून मीठ लागतं ते जेवण अर्धवट, असं त्याचं मत होतं, आणि पाहुण्यांना तो ते ऐकवतही असे.

अण्णांनी नमस्कार केला. पहिला घास घेतला.

उपेंद्र वाट बघत होता. आता दुसरा. मग तिसरा. मग "छान आहे."

अण्णांचं चावणं मंदावलं.

दुसरा घास घेतला. पानाच्या वरच्या टोकाकडे पाहिलं, मग आमटीकडे. मग बराच वेळ कुठेच नाही...

"मीठ नाही रे यात," अण्णा म्हणाले.

"शक्यच नाही."

उपेंद्रने स्वतःच्या पानातली आमटी तोंडात घातली. सपक, पाण्यासारखी. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आयुष्यात असं कधी झालं नव्हतं, आणि झालं ते नेमकं इथे, या बाईपुढे. त्याने आक्कांकडे पाहिलं. त्या शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत होत्या. मिठाचं गाडगं त्यांच्या गुडघ्याशीच होतं.

"विसरलो," तो खालमानेने म्हणाला.

अण्णांचा हात पानावर थांबला.

"काय म्हणालास?"

"विसरलो, अण्णा... वरून घ्या ना."

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्याकडे, मग त्याच्या मागे. मागे धुकंच होतं.

"ती हेच म्हणायची," ते म्हणाले. "एक्कावन्न वर्षं. रोज मीठ कमी, आणि रोज हेच. विसरले, वरून घ्या."



"मी रोज बोलायचो तिला. तुला वाटायचं, आमचं भांडण चाललंय. तू ओट्याखाली बसून माझ्याकडे रागाने बघायचास..." अण्णा किंचित हसले. "दिवसभरात कधी कधी तेवढंच बोलणं व्हायचं रे आमचं."

"अण्णा..."

"तुझ्या ताटात बोलायला काही राहतच नाही. छान असतं सगळं. मग मी काय बोलू? छान आहे म्हणतो आणि उठतो."

आक्कांनी गाडगं पुढे सरकवलं. अण्णांनी चिमूट उचलली, आमटीवर भुरभुरवली, भात कालवला. बोटं खोलवर घालून, सावकाश कालवला. कोथिंबिरीचं तिरकं पान त्यात कुठे गेलं ते दिसलंही नाही.

ते जेवू लागले.

चौथा घास घेतला. पाचवा. उपेंद्र मोजत होता, मग मोजायचं राहून गेलं. भात संपला. अण्णांनी भाकरी मागितली, आमटी मागितली. मग भाकरी उलटीपालटी करून बघितली.

"ही एका बाजूनं करपलीय," ते म्हणाले.

उपेंद्रला इतका आनंद झाला की त्याला रडूच आलं. आपल्या हातच्या भाकरीला कुणी नाव ठेवलं म्हणून माणसाला एवढं बरं वाटू शकतं, हे त्याला माहीत नव्हतं. डोळे लपवायला तो पानावर वाकला आणि अळणी आमटी तशीच ओरपत राहिला.

जेवणं झाली. अण्णा बाहेर गाईपाशी जाऊन उभे राहिले. वासरू आईला लुचत होतं, आणि अण्णा त्याला काहीतरी सांगत होते. धुकं दरीत उतरू लागलं होतं.

उपेंद्र आक्कांशेजारी राखेने भांडी घासत बसला. पण हट्टी माणूस किती वेळ गप्प बसणार?

"आक्का, मीठ पडलं नाही हे तुम्हाला कळलं होतं ना?"

आक्का पातेल्याचा तळ घासत राहिल्या.

"बरं, ते राहू द्या. उद्यापासून घरी मी मीठ कमीच घालणार. पण ते बेताचं हवं. फार कमी घातलं तर मुद्दाम केलंय हे अण्णांना लगेच कळेल. आणि थोडंच कमी घातलं तर ते बोलणार नाहीत." त्याने घासता घासता हिशेब मांडला. "वाटीभर घेवड्याला किती घालू? नेमकं सांगा."

आक्कांचा हात थांबला. त्यांनी पातेल्यात पाणी ओतलं, राख वाहून गेली. पातेलं पालथं घातलं. मग पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं.

"तुजी आई इसरायची, तेवढं."