खुणेखालचं पाणी

रानातली नदी आटली, त्या सालची ही गोष्ट. एका डोहात तेवढं थोडं पाणी उरलं होतं. राखणदार कासवाने खडकावर खूण केली आणि बजावलं, "खुणेखालचं पाणी फक्त साळिंदराचं. ते बुजलेला झरा उकरतंय."

पाणी खुणेला टेकलं. तेवढ्यात हरिणी आली. "कासवदादा, पाडस तडफडतंय हो!" कासव विरघळलं. मागोमाग म्हातारा कोल्हा आला, आजारी ससा आला. कुणाचीच तहान खोटी नव्हती, हेच वाईट.

संध्याकाळी साळिंदर धापा टाकत आलं. "हातभर माती उरलीय. घोटभर पाणी दे, लगेच कामाला लागेन."

कासवाने मान आत ओढून घेतली.

साळिंदर कोरड्या चिखलात कोसळलं. हरिणीने खुरांनी झऱ्यावरची माती उकरून पाहिली, ओरखडाही उठेना. मातीपलीकडे पाणी झुळझुळत होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं.