गावाकडचा वास

पतंगांच्या आज्यांच्याही आज्या अळ्या होत्या, तेव्हाची गोष्ट. खानदेशातल्या भरताच्या वांग्यांच्या टोपलीतून भुरक्या नावाचा एक नर पतंग कृष्णाकाठच्या वांग्याच्या रानात येऊन पडला.

दिवस कलला की तिथल्या माद्या गंध सोडायच्या आणि रानातले नर वेडेपिसे होऊन धावायचे. भुरक्या मात्र मिशा मुरडायचा. "ह्याला वास म्हणतात? बिनफोडणीचं वरण नुसतं!"

ठुमकी नावाची मादी हसून म्हणाली, "पाव्हणं, आमची फोडणी निराळी. चार दिवस राहा, सवय हुईल."

"वासात तडजोड नाही!"

एका संध्याकाळी वाऱ्यावर अस्सल खानदेशी गंध आला. भुरक्याचे पंख थरथरले. "आली! आपल्याकडची आली!"

"आवं, त्यो सापळा हाय!" ठुमकी ओरडली. "मालकानं मादीचा नकली वास भरलेला लांबनं आणून टांगलाय. आमचा एक बी नर तिकडं फिरकत न्हाई."

"कसा फिरकेल? तुम्हाला चव कुठंय!" म्हणत भुरक्या थेट आत शिरला आणि डिंकात चिकटला.

"ये भाऊ, ये!" सापळा गहिवरला. "केव्हाचा रिकामा लटकलोय. इथं आपल्या वासाची कुणाला कदरच नाही."

सहाही पाय रुतलेला भुरक्या म्हणाला, "तेच तर मी म्हणतोय!"