विहिरीपाशी उभी राहिलेली आई

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सांगलीच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर गेमच्या प्रदर्शनात देवस्थळी साहेबांनी मला गेम खेळायला खुर्चीत बसवलं, तिथून हे सुरू झालं. साहेबांची गेमची कंपनी मोठी. माझ्या नणंदेची, ऋजुताची, दोन टेबलांची. तिथल्या स्पर्धेचं बक्षीस हुकलं तर ती बंद पडणार होती. स्पर्धेत गोष्टीची सुरुवात दोघांना एकच दिलेली.

साहेब परीक्षकांना म्हणाले, "आमच्या गोष्टीला शंभर शेवट, हिच्या गोष्टीला एक. वहिनी सातवी शिकल्यात ना? त्यांनाही फरक कळेल."

मला बटणंच कळेनात. दोन्ही गेममध्ये विहिरीपाशी एक बाई म्हणाली, "माझी मुलगी हरवलीय, शोधून आणा." दोन्हीकडे मी वाट चुकले आणि भलतं बटण दाबून मासे पकडत बसले. गेममधले आठ दिवस तसेच गेले.

"काय वहिनी, गोंधळलात?" साहेब हसले.

"हो ना. ऋजुताकडे परत आले तर विहिरीवर कोणी नाही, बाई स्वतःच शोधायला निघून गेलेली. तुमची मात्र तिथंच उभी, तेच वाक्य म्हणत. माझी लेक रेवा दोन मिनिटं दिसली नाही तरी माझा पाय ठरत नाही. साहेब, शंभर शेवट केलेत, आणि त्या आईला विहिरीपासून हलायला एक वाट नाही ठेवलीत?"

परीक्षकांनी साहेबांच्या पडद्याकडे पाहिलं. बाई अजून तेच म्हणत होती.

बक्षीस ऋजुताला मिळालं. मी काय हुशारीचं बोलले ते मला अजून कळलेलं नाही. पण तुमच्या ओळखीत कोणी गेम बनवत असेल, तर एवढा निरोप द्या: पोर हरवलेल्या आईला एका जागी उभी ठेवू नका.